जन्मगाव निवडताना घ्यावयाची काळजी

हॉलिवूडमध्ये नाव काढायचे असेल तर अभिनयाचे नंतर पाहता येईल. आधी आपला जन्म कोठे झाला हे ठरवून घ्यावे. हा निर्णय आईबापांवर सोडण्याइतका किरकोळ नाही. हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिचेच पाहा. १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत जन्म घेण्याची चूक तिच्या हातून झाली आणि उभी कारकीर्द ती निस्तरण्यात गेली.

घरी तिला क्वीनी म्हणत. कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी ही अँग्लो-इंडियन मुलगी विशीच्या आत युरोपला गेली. पुढे लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने १९३३ मध्ये तिला आठव्या हेन्रीच्या राणीची छोटी भूमिका दिली आणि तिच्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या तस्मानिया बेटावरील होबार्ट हे जन्मगावही मुक्रर झाले. निवड पाहा कशी चोख: वस्ती गोऱ्यांची, भाषा इंग्रजी, आणि खातरजमा करायला कोणी बोटीचे तिकीट काढणार नाही इतके लांब. कोणी दाखला मागितलाच, तर कागदपत्रे आगीत जळाली म्हणून सांगावे.

याला ढोंग म्हणण्याची घाई करू नका. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्याची दारे बंद केली होती, आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी १९३४ पासून कडक झालेल्या आचारसंहितेमुळे भिन्न वंशांच्या नायक-नायिकेचे प्रेम पडद्यावर येणे जवळजवळ अशक्य होते. मुंबईच्या क्वीनीला १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचे नामांकन कोण देणार होते? ते होबार्टच्या मर्लला मिळाले.

पुढचा प्रश्न आईचा. सावळी शार्लट लंडनच्या घरी पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरत असे, असे सांगतात. (जन्मनोंदीप्रमाणे ती मुळात आई नव्हेच, आजी, म्हणजे पहिले खोटे घरच्यांनीच पाळण्यात घालून दिले होते.) ती १९३७ मध्ये वारली. पुढे मर्लने तिचे तैलचित्र करवून घेतले आणि त्यात तिची कांती उजळ करायला लावली, अशीही कथा आहे. आईला गोरे करण्याचा हा मार्ग तसा स्वस्तच म्हणायचा.

स्वतःच्या चेहऱ्यासाठी मात्र छायालेखकाशीच लग्न करणे उत्तम. १९३७ च्या मोटार अपघाताने आणि पुढे त्वचेच्या विकाराने मर्लच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते. ‘द लॉजर’ या चित्रपटाच्या वेळी छायालेखक ल्यूसियन बॅलर्डने कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक लहानसा दिवा बसवला. समोरून पडणाऱ्या त्या उजेडात व्रणांच्या बारीक सावल्या पुसल्या जात आणि चेहरा सपाट, नितळ दिसे. रंग उजळे तो वरकड फायदा. १९४५ मध्ये दोघांनी लग्न केले. ते चार वर्षे टिकले, पण ‘ओबी’ या नावाने तो दिवा छायालेखकांच्या बोलण्यात पुढेही राहिला.

पथ्य एकच: निवडलेल्या गावी चुकूनही जाऊ नये. १९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी मर्लचा सत्कार ठेवला आणि ती गेली. समारंभात पोहोचल्यावर, आपला जन्म तस्मानियातला नाही, असे ती म्हणाली आणि प्रकृतीचे कारण सांगून निघाली. पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. १९८३ मध्ये चरित्र आले, मुंबई उघडकीस आली, तरी तस्मानियातील काही मंडळी ‘मर्ल आमचीच’ म्हणत राहिली. तेव्हा गाव निवडताना तिथली माणसे इतकी जीव लावणारी नाहीत ना, हेही आधीच पाहून घ्यावे.