गोदाम पाडल्याने जमीन लोकांची होत नाही

मुंबई बंदराच्या जुन्या गोदामांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि समाजमाध्यमांवर तो पुन्हा पुन्हा फिरत असतो. सारांश असा: ससून डॉकपासून शिवडीपर्यंतची गोदामे मोडकळीला आली आहेत, ती धोकादायक आहेत. दुरुस्त करण्यापेक्षा पाडून नवे बांधणे स्वस्त पडेल. जागा मोकळी झाली तर सामान्यांना घरे आणि बागा मिळतील. मुळात ही इंग्रजांच्या लुटीची कोठारे, ती जपायचीच कशाला? आणि तिथे होणारी संग्रहालये, कलादालने हा मूठभर सुखवस्तूंचा शौक आहे. या मांडणीमागचा राग खरा आहे, म्हणून ती पटकन पटते. पण एकेक मुद्दा हातात घेऊन पाहिला की ती उसवत जाते.

सुरुवात घरांपासून करतो, कारण हाच मुद्दा काळजाला हात घालतो. इमारती पाडल्या की जमीन लोकांना मिळते का, याचा अनुभव मुंबईने गिरणगावात घेतला आहे. 1982 च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांची जमीन 600 एकरांच्या आसपास होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची होणार, इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीतून बाहेर, असा त्या बदलाचा अर्थ. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे गिरणीच्या भिंती पडल्या आणि नेमकी त्या भिंतींखालचीच जमीन लोकांच्या हिशेबातून निसटली. तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणी कामगारांची घरांसाठीची रांग अजून संपलेली नाही.

हा इतिहास ताजा असताना बंदराच्या जमिनीबाबत 'आधी पाडा, मग बघू' असे म्हणणे मला फार धोक्याचे वाटते. बंदराची जमीन आज सार्वजनिक मालकीची आहे. ती तशी राहील की नाही हे आरक्षण, भाडेपट्टा आणि चटई क्षेत्र ठरवते. उभ्या गोदामाने त्यात कोणाचे घर अडवलेले नाही. उलट दगडी भिंतींच्या दुमजली गोदामात चाळीस मजले मावत नाहीत, आणि पुष्कळदा हीच गोष्ट त्याखालची जमीन वाचवते. घरांची गरज खरी आहे. प्रत्येक पत्र्याची शेड जपा असे माझे म्हणणे नाही. नंतरच्या काळात गरजेपुरत्या उभ्या केलेल्या कितीतरी शेडी खुशाल काढाव्यात, आणि तिथे कोणाची, किती भाड्याची घरे होणार हे आधी कागदावर लिहून घ्यावे.

आता धोक्याचा मुद्दा. जुने म्हणजे पडायला आलेले हे समीकरण मुंबईकराच्या मनात पक्के बसले आहे, कारण दर पावसाळ्यात कुठेतरी इमारत कोसळते. पण खाऱ्या हवेत आधी कुजते ती काँक्रीटमधली सळई. ती गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे निघतात. चुन्यात बांधलेली दगड-विटांची जाड भिंत वेगळ्या कारणांनी आजारी पडते: गळके छप्पर, तुंबलेली पन्हळ, भेगेत रुजलेला पिंपळ आणि वरून थापलेला सिमेंटचा गिलावा. सिमेंटने ओल आत कोंडते. गिलावा काढून पुन्हा चुन्याचा केला, छप्पर नीट केले की अशी भिंत सावरू शकते. हे काम जाणकार गवंड्याचे आहे, चमत्काराचे नाही.

शिवाय गोदाम मुळातच ओझ्यासाठी बांधलेले असते. आजच्या भारतीय मानकांप्रमाणे घराच्या मजल्याने दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार पेलावा लागतो, माणसांची गर्दी होईल अशा सभागृहात सुमारे 500 किलो, आणि मालाच्या गोदामात किमान 750 किलो. जुन्या गोदामांना ही मानके लागू नव्हती आणि त्यांची तपासणी करावीच लागेल. तरी ज्या मजल्यावर गठ्ठ्यांच्या थप्प्या लागत होत्या त्यावर वाचनालय किंवा शाळेचा वर्ग भरवणे म्हणजे ओझे वाढवणे नव्हे. खरी अडचण दुसरीकडे असते: खिडक्या लहान आणि उंचावर, जिना एकच, स्वच्छतागृह नाही, चाकाच्या खुर्चीला वाट नाही. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब असतील तर आगीत तापल्यावर त्यांवर पाण्याचा मारा झाला की ते तडकू शकतात, म्हणून आग सुरुवातीलाच विझवणारी फवारे यंत्रणा हवी. पैसा इथे लागतो, आणि तो लागतो हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

लिव्हरपूलचे अल्बर्ट डॉक या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. जेसी हार्टले या अभियंत्याने बांधलेले हे गोदामांचे संकुल 1846 साली खुले झाले. आगीच्या भीतीने त्याने सांगाड्यातून लाकूड हद्दपार केले आणि वीट, दगड व बीड वापरले. 1972 साली ते बंद पडले. गोदीत गाळ भरला, पाडण्याच्या योजना पुढे आल्या, आणि आज आपल्याकडे जे बोलले जाते ते सगळे तिथेही बोलून झाले. 1981 मध्ये शासनाने त्या किनाऱ्यासाठी वेगळे विकास महामंडळ नेमले. गाळ उपसला, गोदामे दुरुस्त झाली. सागरी संग्रहालय आले, 1988 मध्ये टेट हे कलासंग्रहालय आले, त्यांच्या शेजारी दुकाने आणि कचेऱ्या आल्या. पाडले असते तर गाळाने भरलेला एक खड्डा आणि एक निविदा एवढेच शिल्लक राहिले असते.

खर्चाबद्दल बोलताना हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाचे उदाहरण तोंडावर मारले जाते, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. शहराच्या तिजोरीवर 7.7 कोटी युरोचा भार पडेल असे आधी सांगितले होते, तो 78.9 कोटींवर गेला. पण तिथे केले काय? 1960 च्या दशकातल्या गोदामाच्या फक्त बाहेरच्या भिंती ठेवल्या, आतून ते पोखरले, पायात शेकडो नवे खांब ठोकले आणि डोक्यावर प्रचंड संगीतगृह चढवले. गोदाम वापरण्याचा हा खर्च नाही, गोदामाला जे झेपत नाही ते त्याच्यावर लादण्याचा आहे. त्याच शहरात, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, श्पायखरश्टाट हा जुन्या गोदामांचा आख्खा भाग आहे. तिथल्या एका गोदामाचे मजले घेऊन 2001 साली छोट्या आगगाड्यांचे प्रदर्शन सुरू झाले आणि ते जर्मनीतल्या सर्वाधिक गर्दीच्या ठिकाणांपैकी एक बनले. इमारतीला जे जमते तेच तिच्याकडून मागितले तर खर्च आवाक्यात राहतो.

'इंग्रजांची कोठारे' या आक्षेपाला मी हलके घेत नाही. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, 1861 ते 1865 मध्ये, खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला गेला. त्यातून शेठ-सावकारांच्या पेढ्या फुगल्या, 1865 मध्ये भाव कोसळल्यावर त्याच बुडाल्या, आणि पिकवणाऱ्याच्या पदरात फार थोडे पडले. ही लूट होती हे सांगायचे असेल तर ती जिथे घडली त्या जागेइतका पक्का पुरावा दुसरा नाही. लिव्हरपूलने नेमके हेच केले. गुलामांच्या व्यापारावर ते शहर श्रीमंत झाले होते, आणि 2007 मध्ये त्याच अल्बर्ट डॉकच्या गोदामात गुलामगिरीचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उघडले.

आणि आपल्या गोदीत फक्त इंग्रज होते का? दगड रचणारे पाथरवट, पाठीवर गठ्ठे वाहणारे हमाल, क्रेनवरचे गोदी कामगार कोण होते? घाट आणि कोकण उतरून आलेली माणसे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, आग विझवताना 66 जवान मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ती व्हिक्टोरिया गोदी आणि शेजारची प्रिन्सेस गोदी कंटेनरच्या जागेसाठी बुजवून टाकली आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये नौसैनिकांचा उठाव याच किनाऱ्यावर झाला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी कामगार रस्त्यावर उतरले. 1969 चा माथाडी कायदा ज्या कष्टकऱ्यांसाठी झाला त्यांचे ओझे याच वखारींच्या दारात चढत-उतरत होते. हे सगळे इंग्रजांच्या नावावर लिहून देण्याची उदारता मला मान्य नाही.

राहिला सुखवस्तूंच्या शौकाचा मुद्दा. यात तथ्य आहे, कारण महागडी हॉटेले थाटून 'वारसा' विकणारी गोदामे जगात कमी नाहीत. मात्र तो दोष भाडेकराराचा असतो. योकोहामाची लाल विटांची जकात-गोदामे 1911 आणि 1913 ची. 1923 च्या भूकंपात एकाचा निम्मा भाग पडला, 1989 मध्ये वापर थांबला. 1992 मध्ये ती महापालिकेने घेतली आणि 2002 मध्ये खुली केली, एकात सभागृह व प्रदर्शने, दुसऱ्यात दुकाने. मालकी शहराची राहिली. कोचीच्या बिएनालेची, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाची, गोष्ट याच्या नेमकी उलटी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी 2012 साली ती सुरू केली. अनेक वर्षे तिचे मुख्य ठिकाण होते फोर्ट कोचीतली ॲस्पिनवॉल कंपनीची किनाऱ्यालगतची जुनी वखार. मात्र ही जागा बव्हंशी खासगी मालकीची होती, त्यामुळे ती मिळणार का, किती मिळणार, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला.

आपल्याकडे 2017 मध्ये ससून डॉकच्या वापरात नसलेल्या गोदामात कलाप्रदर्शन भरले होते, बाहेर मासळीचा व्यवहार चालूच होता. कोळणी आणि बाहेरून आलेले प्रेक्षक एकाच वाटेने ये-जा करत होते. हे होऊ शकते एवढे तिथे दिसले, पण प्रदर्शन संपते आणि माणसे आपापल्या घरी जातात. कायमचा सार्वजनिक वापर करायचा तर करारात या गोष्टी असाव्यात: मालकी बंदराकडेच, तळमजला सर्वांना खुला आणि विनातिकीट, वरच्या मजल्यांच्या भाड्यातून देखभाल, आणि पहिला हक्क आज तिथे राबणाऱ्यांचा. ससून डॉकमध्ये कोळंबी सोलणाऱ्या बायका पहाटेपासून बसलेल्या असतात. त्यांना सावलीची बसायची जागा, गोडे पाणी, स्वच्छ संडास आणि मुलांसाठी पाळणाघर देणे हासुद्धा गोदामाचा सार्वजनिक वापरच आहे, आणि माझ्या यादीत तो कलादालनाच्या वर आहे.