'द ब्रदर्स' ही निव्वळ लॉरीचालकांची कथा नव्हे
बीबीसीची 'द ब्रदर्स' ही मालिका (१९७२ ते १९७६) लॉरीचालकांच्या प्रवासावर बेतलेली होती, असे जुन्या आठवणींत सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कथा हॅमंड कुटुंबाच्या मालवाहतूक कंपनीची असली, तरी तिचा गाभा मालकीच्या भांडणात होता: संस्थापकाच्या मृत्युपत्राने तीन मुलांच्या बरोबरीने, ज्या सेक्रेटरीशी त्याचे गुप्त संबंध होते तिलाही वाटा दिला आणि त्याची करारी विधवा मेरी (जीन अँडरसन यांची ही भूमिका आजही विसरता येत नाही) खवळली. अभिनेते कॉलिन बेकरही मालिकेत आरंभापासून नव्हते. त्यांनी साकारलेला थंड डोक्याचा बँकर पॉल मेरोनी १९७४ मध्ये आला. लॉऱ्या होत्याच, पण खरी घासाघीस संचालकांच्या टेबलाभोवती चाले.