फक्त एक डीएनए करायचाय, बाबा!

"बाबा, उद्या डीएनएचं मॉडेल न्यायचंय, फक्त पिळलेली शिडी करायचीय" हे वाक्य आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकल्यावरच येतं, आधी कधीच आठवत नाही. आणि त्या "फक्त"मध्ये काय काय दडलंय ते तार आणि पुठ्ठा हातात घेतल्यावर कळतं.

पहिलं भांडण रंगांवरून. बायकोचं म्हणणं, पायरीचे दोन्ही तुकडे एकाच रंगाचे घ्या, मॅचिंग छान दिसतं. आता हिला कसं सांगू की एकेक रंग म्हणजे एकेक बेस, पायरीचा अर्धा तुकडा असलेला रेणू, आणि त्यातले ॲडेनिन (ए) आणि ग्वानिन (जी) दोन कड्यांचे, ऐसपैस, थायमिन (टी) आणि सायटोसिन (सी) एका कडीचे, लहानखुरे, त्यामुळे मोठ्याला मोठा जोडला की शिडीचं पोट सुटतं आणि लहानाला लहान जोडला तर मधे हात पोचत नाही. एक मोठा एक लहान घेतला तरच रुंदी सगळीकडे सारखी, साधारण 2 नॅनोमीटर. बरं त्यातही ए-सी चालत नाही, कारण दोन तुकड्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध जुळत नाहीत, ए-टीला दोन आणि जी-सीला तीन. पण हिला दोष देण्यात अर्थ नाही, 1953 मध्ये डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसननेही आधी सारख्याला सारखा जोडून बघितलं होतं, तोही पुठ्ठ्याचे तुकडे कापूनच. म्हणजे रसायनशास्त्रज्ञ शार्गाफने ए तितकाच टी आणि जी तितकाच सी हे आधीच दाखवून दिलं होतं तरी! वॉटसनच्या शेजारी बसणारा रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनह्यू म्हणाला की बाबा रे, पुस्तकातले बेसचे आकारच चुकीचेत, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आमच्याकडे डोनह्यूचं काम मी केलं, पण मला कोणी विचारत नाही.

मग दोन्ही बाजूंच्या तारा. शर्करा-फॉस्फेट, शर्करा-फॉस्फेट, असं जपमाळेसारखं चालू, आणि एक तार पाच प्राईमकडून तीन प्राईमकडे (ही तारेच्या दोन टोकांची नावं) वर चढणारी तर दुसरी बरोब्बर उलटी. लेक म्हणाली, "बाहेरून दिसत नाही ना? सोडा." मुद्दा मोहात पाडणारा होता, पण मी बाण काढलेच.

शेवटी पीळ. एका वेढ्यात साधारण दहा पायऱ्या, आणि वळण उजवं, म्हणजे समोरची तार डावीकडून उजवीकडे चढत गेली पाहिजे. तारेने बोटं सोलून घेत तेवढं जमवलं, तर लेक पुस्तकाचं कव्हर समोर धरून म्हणते, "बाबा, आपला उलटा झालाय." बघतो तर कव्हरवरच्या डीएनएला डावा पीळ! आता हे मिसना कोण सांगणार?