व्हीएम चालत नाही म्हणून पीसी भंगारात? त्या मेसेजचा प्रतिवाद

मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे लिनक्सवरचे पीसी सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो: ‘कोअर टू ड्युओवर व्हर्च्युअलायझेशन होत नाही. जुनं व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स चालवायचं तर कर्नल अपडेट कायमचे थांबवा, सिक्युअर बूट बंद करा. जुनी व्हीएम दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून सरळ लॅमिंग्टन रोडला जा आणि नवा पीसी घ्या.’ व्हीएम म्हणजे पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा, आभासी पीसी; व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स हे तो चालवणारे प्रोग्राम, आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. ज्या छापखान्याचं पेजमेकर आणि जुन्या फाँटांतलं सगळं काम एका विंडोज एक्सपीच्या व्हीएममध्ये आहे, त्याला हा सल्ला महागात पडतो. आणि तो बहुतांशी चुकीचा आहे.

‘कोअर टू ड्युओवर होत नाही.’ इंटेलच्या या जुन्या प्रोसेसरबद्दलच्या दाव्याचं मूळ व्हीएमवेअर वर्कस्टेशन १४ मध्ये आहे. २०१७च्या या आवृत्तीपासून ईपीटी (व्हीएमच्या मेमरीचा हिशोब प्रोसेसरनेच ठेवणं) आणि अनरिस्ट्रिक्टेड गेस्ट या प्रोसेसरमधल्या सोयी सक्तीच्या झाल्या, आणि कोअर टू पिढीत त्या नाहीत. पण ही अट व्हीएमवेअरची. कर्नलमध्ये २००७पासून असलेल्या केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या भागाला फक्त व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही (एएमडी) ही प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय लागते. ईपीटी नसेल तर ते शॅडो पेजिंगवर, म्हणजे तोच हिशोब सॉफ्टवेअरने ठेवून, चालतं. वेग थोडा कमी, पण एक्सपीला पुरेसा. कोअर टू ड्युओच्याच ई-८४०० मॉडेलमध्ये व्हीटी आहे, ई-४५०० मध्ये नाही, त्यामुळे नुसतं ‘कोअर टू’ म्हणून काही ठरत नाही.

तपासायला टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) ही कमांड चालवा. व्हीटी-एक्स दिसलं नाही तरी लगेच हात टेकू नका. व्हीटी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असेल तर नवे कर्नल ते दाखवतच नाहीत. डीमेसेज (dmesg) कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘डिसेबल्ड बाय बायोस’ शोधा. सापडलं तर बायोसमध्ये चालू करा, सेव्ह करा आणि पीसी नुसता रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करा. काही बोर्डांवर त्याशिवाय बदल लागू होत नाही.

‘कर्नल अपडेट थांबवा.’ हा सगळ्यात घातक सल्ला. व्हीएमवेअरची व्हीएममॉन, व्हीएमनेट आणि व्हर्च्युअलबॉक्सचं व्हीबॉक्सडीआरव्ही ही मॉड्यूलं (कर्नलला जोडले जाणारे तुकडे) कर्नलच्या बाहेरची. कर्नलमधली फंक्शनं बदलली की जुना कोड कंपाइल होत नाही. उदाहरणार्थ, कर्नल ५.० मध्ये ‘ॲक्सेस_ओके’ला तीनऐवजी दोनच आर्ग्युमेंटं राहिली आणि तिला जुन्या पद्धतीने हाक मारणारी मॉड्यूलं अडली. म्हणजे दोष पीसीचा नाही. केव्हीएम कर्नलसोबतच दुरुस्त होत जातं, त्याला हा त्रास नाही. कर्नल गोठवलात, तर ज्या मशीनवर ब्राउझर आणि बँकेचं काम चालतं तिचे सुरक्षा-सुधार बंद.

व्हर्च्युअलबॉक्स सोडायचंच नसेल, तर कर्नल ६.१२पासूनची एक अडचण माहीत हवी. केव्हीएम मॉड्यूल लोड होताच व्हीटी ताब्यात घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची एरर देऊ शकतं. कर्नलच्या बूट ओळीत ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ टाकलं की सुटतं.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी सोय, याबद्दल फार बोलायला नको. कोअर टूच्या काळातल्या बोर्डांवर ते नसतंच, आणि ज्या बोर्डांवर आहे तिथे लिनक्स वितरणाच्या सही असलेल्या कर्नलमधलं केव्हीएम ते चालू ठेवूनही चालतं.

‘व्हीएम नेता येत नाही.’ केव्हीएममध्ये नेता येते, क्रम पाळला तर. जुनं सॉफ्टवेअर अजून सुरू असतानाच गेस्टमधून (व्हीएममधल्या एक्सपीतून) व्हीएमवेअर टूल्स काढा. व्हीएमवेअरच्या बाहेर आल्यावर ते निघायला नकार देतात. स्नॅपशॉट (व्हीएमच्या जतन केलेल्या जुन्या स्थिती) असतील तर मॅनेजरमधून डिलीट करा. नाव डिलीट असलं तरी आताची स्थिती तशीच राहते, बदल मूळ डिस्कमध्ये मिसळतात. व्हीएमची डिस्क स्कझी प्रकारची असेल तर मर्जआयडीई ही रजिस्ट्री फाइल इथेच चालवा आणि ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये एटीएपीआय, इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई, पीसीआयआयडीईएक्स या चार फाइली आहेत का बघा. हे राहिलं की नव्या जागी ७बी एररची निळी स्क्रीन येते.

मग गेस्ट शटडाउन करा; सस्पेंड चालणार नाही. क्यूईएमयू-आयएमजी कमांडने व्हीएमडीके (व्हीएमवेअरची डिस्क फाइल) क्यूकाऊ२ (केव्हीएमसाठीची डिस्क फाइल) मध्ये बदला. डिस्क तुकड्यांत असेल तर एस००१ हा तुकडा नव्हे, छोटी डिस्क्रिप्टर फाइल द्या. व्हर्ट-मॅनेजर या केव्हीएम सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये चिपसेट आय४४०एफएक्स (क्यू३५ नको), डिस्क आयडीई, नेटवर्क आरटीएल८१३९, रॅम ५१२ ते १०२४ एमबी आणि सीपीयू आधी होते तितकेच. डाँगल (सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली) यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून जोडा. हार्डवेअर बदलल्यामुळे विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं, म्हणून जुनी डिस्क लगेच पुसू नका. एक्सपीला इंटरनेट देऊ नका.

‘कालपर्यंत चालत होतं, आज बंद’ ही तक्रार तर अनेकदा मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलची असते. रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या दुकानात सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, आणि तिथे व्हीटी बहुधा बंदच असतं. खूण अशी: तारीखही मागे गेलेली असते आणि अपडेट करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं येतं.

मेसेज खरा ठरतो तो दोन ठिकाणी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ हा सूचनासंच लागतो, तो कोअर टूमध्ये नाही. तिथे डेबियन टाका. आणि प्रोसेसरमध्ये व्हीटीच नसेल तर क्यूईएमयू (केव्हीएमसोबत वापरला जाणारा प्रोग्राम) सगळं सॉफ्टवेअरने करतं, त्यावर रोजचं काम होणार नाही. तेव्हाही नवा पीसी लागत नाही: एच६१ बोर्डावरच्या जुन्या इंटेल आय३-२१०० प्रोसेसरमध्ये व्हीटी आणि ईपीटी दोन्ही आहेत, आणि तीच क्यूकाऊ२ फाइल तिथे कॉपी करून तशीच सुरू होते.