चार अंश थंड

दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमचा डोंगर दूर नाही, हीच पंचाईत. शहर संपतं तिथे तो सुरू होतो. पायथ्यापासून माथा ६०० मीटर, आणि बाराही महिने उघडा. अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद ठेवायला काय हरकत आहे?

त्यात माझ्या मेहुण्याला हवेचं शास्त्र ठाऊक आहे. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणून उन्हाळ्यात तो म्हणाला, "भावजी, घरात काय शिजताय? वर चार अंश थंड असेल." हेच चार अंश मी थंडीत त्याच्यापुढे टाकले, तर म्हणे, "चढलं की अंगात ऊब येते." पावसाळ्यात म्हणाला, "धूळ बसलेली असते." होती खरी. तिच्यावर मीही बसलो, न ठरवता.

किती वेळ लागेल विचारलं की तो नेस्मिथ काढतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशेब घालून दिला: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. आमची वाट अडीच किलोमीटरची, म्हणजे दीड तास. मला तीन लागले. बुटात खडा गेल्याचं निमित्त करून थांबणं नेस्मिथने धरलेलंच नाही. देखावा बघत थांबणंही नाही. (मी बघत होतो तिथे समोर नुसता कातळ होता.) बापाच्या खांद्यावरून वर चाललेल्या एका पोराने विचारलं, "बाबा, हे काका रडतायत?"

उतरणं सोपं, असं मला वाटलं होतं. पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि त्याचं बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. सोमवारी मी ऑफिसात पराक्रम सांगत होतो. मंगळवारी जिना सरळ उतरता येईना, म्हणून कठडा धरून उलटा उतरू लागलो. दोन मजले झाले. तेवढ्यात खालून शेजारच्या काकू आल्या.

"वरच चाललात ना? मग एवढी पिशवी न्या चौथ्या मजल्यावर."

खरं सांगायची लाज वाटली. पिशवी घेतली आणि निघालो.