अर्ध्या हळकुंडानं

पेपर सकाळी साडेदहाला आणि स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकाची नि माझी पहिली गाठ आदल्या रात्री नऊला. पानं इतकी कोरी, की दोन-चार ठिकाणी पट्टी घालून सोडवावी लागली.

सुरुवात मात्र झोकात झाली. मीन, मीडियन, मोड म्हणजे दहावीतले मध्य, मध्यक, बहुलकच नाव बदलून आलेले. साडेनऊला वाटलं, उगाच घाबरलो सेमिस्टरभर. सांगलीच्या पोरानं अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं गावाला शोभूनही दिसतं.

मग स्टँडर्ड डेव्हिएशन आलं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, वर्ग करा, बेरीज करा, भागा आणि शेवटी वर्गमूळ काढा. रस्ता करायचा आणि लगेच उकरायचा, तसलाच प्रकार. पण तेही चाललं असतं. भागायचं होतं ‘एन वजा एक’नं, म्हणजे आकडे जितके त्याहून एकानं कमी.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. त्यांनी वहीत डोकावून विचारलं, “एक कुठं गेला?”

“वजा केला.”

“ते दिसतंय. कुणाच्या खात्यावर टाकला?”

त्या एकाला शोधण्यात साडेअकरा वाजले. पाच आकड्यांची सरासरी 10 ठरली, की बेरीज 50 व्हायलाच हवी. मग चार आकडे हवे ते घ्या; पाचव्याला उरेल तेच व्हावं लागतं. म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम चार. हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा आई ओटा पुसत होती. आमच्या घरात माणसं पाच. चौघं वाटतील तितक्या चपात्या खातात.

“ह्याला पुस्तक लागतं व्हय?” आई म्हणाली.

एकच्या सुमाराला टी-टेस्ट. ती काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. 1908 साली त्यानं हा शोध छापला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावानं. (दारूच्या कारखान्यात पगार घेणारा कसला आलाय स्टुडंट!) थोडक्या नमुन्यावरून सगळ्या मालाबद्दल किती खात्रीनं बोलावं, ही त्याची पंचाईत. बाबा अजून जागे होते.

“सौद्यात तेच की. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, भाव बोलायचा.”

“आणि फसलं तर?”

“म्हणून एकाच पोत्यातलं मोडत नसतात.”

माझ्या हातात मात्र एकच पोतं, तेही आज उघडलेलं. तीन वाजता नॉर्मल कर्व्हचे 68, 95, 99.7 हे आकडे मोबाईल नंबरासारखे घोकले आणि पुस्तकावरच डोकं टेकलं.

पेपरात डिग्रीज ऑफ फ्रीडम उदाहरणासह स्पष्ट करायला होतं. मी चपात्यांसकट स्पष्ट केलं. पुरवणी लागली.

घरी आल्यावर बाबांनी चष्म्यावरून बघितलं. “पाचातले किती सोडवलेस?”

“एन वजा एक.”

त्यांनी ह्या वेळी खातं विचारलं नाही.