पायपुसणं विकताय की शोपीस?

चार महिने पाऊस झोडपतो त्या राज्यात दारात टाकायला एक धड पायपुसणं मिळू नये? डोकं फिरायची वेळ आलीये. दुकानात जा नाहीतर मोबाइलवर शोधा, सगळीकडे तेच. पांढरं, क्रीम, फिकट गुलाबी, वर फर. ऐन जुलैत फर! ओल्या छत्र्या आणि चिखलाने माखलेली पोरं ज्या दारातून आत येतात, तिथे क्रीम रंगाची फर घालायची कोणी?

मापाचं तर विचारूच नका. फ्लॅटचं मुख्य दार असतं साडेतीन फुटांचं आणि बाजारात ढिगाने मिळतं ते ४० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांचं. मधे एक जण पाय पुसत उभा राहिला की मागचा बाजूने सरळ ओल्या पायांनी आत. जाडी किती आहे ते तर कुणी लिहीतच नाही. आपल्याकडे जाळीचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं आणि मुख्य दार आत. म्हणजे पायपुसणं बाहेर टाका नाहीतर आत, कुठलं ना कुठलं दार त्याच्यावरून फिरणारच. घरी आणल्यावर कळतं की दार त्यात अडकतंय, आणि मग ते भिंतीशी सरकवलं जातं, जिथे कुणाचा पाय पडत नाही.

पण माझा खरा राग आहे तो 'अँटी-स्किड' लिहून विकल्या जाणाऱ्या मालावर. मागे लॅटेक्सचा पातळ थर मारलेला असतो. गरम पाण्याने दोन-चारदा धुवून कडक उन्हात वाळवा, त्याचा भुगा होतो. वरून मात्र पायपुसणं नव्यासारखं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खाली असते व्हिट्रिफाइड टाइल. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, थेंब पडला की तसाच वर राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई अशाच पायपुसण्यासकट सरकल्या. दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर पुढे काय होतं, हे या लोकांच्या घरी कुणी पाहिलं नाहीये का?

आणि हे सगळं बनतं कुणाच्या पायांसाठी? बूट घालून घरात शिरणाऱ्यांच्या! आपण चपला बाहेर काढतो. आपला पाय उघडा असतो, पावसाळ्यात निथळत असतो. त्याला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. बाहेर काथ्याचं राठ, चपलेचा चिखल खरवडून काढणारं. आत सुती, पाणी पिणारं. काथ्या पाय कोरडा करत नाही आणि सुती कापड चिखल झाडत नाही. एकाच पायपुसण्यावर दोन्ही कामं लादली की दोन्ही बिघडतात. आमच्या आजीच्या घरी पडवीत गोणपाट असायचं आणि आत जुन्या लुगड्याची घडी. तिला हे कुणी शिकवायला आलं नव्हतं.

काथ्याच्या मॅट बनवायला जमत नाहीत असंही नाही. केरळात आलप्पुळ्यात १८५९ पासून कारखान्यात त्या विणल्या जातायत. आपल्या कोकणात नारळाची सोडणं ढिगाने पडतात, निम्मी चुलीत जातात. तरी माझ्या जवळच्या दुकानात काथ्याचं म्हणून जे मिळतं, त्यावर इंग्रजीत 'वेलकम' छापलेलं, महिनाभरात अक्षरं पुसलेली आणि घरभर त्याचे केस. सुती, घट्ट विणीचं, गडद रंगाचं मागा, तर दुकानदार म्हणतो, "ताई, तसं कुणी मागत नाही." मी समोर उभी राहून मागतेय की!

सुंदर नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. दार घराचं तोंड आहे, ते नीटस दिसावं असं मलाही वाटतं. गडद निळा, वीटकरी, मेंदी, त्यावर बारीक पट्टे. काय वाईट दिसतं? डाग दिसत नाहीत आणि रांगोळीशेजारी शोभतंही. फक्त तीन फूट रुंद करा, जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, वजन लिहा, मागे खरं रबर लावा. आणि जोडीने विका, कारण ऑगस्टमध्ये एक वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि तोवर दारात कुबट वासाचं ओलं फडकं पडलेलं असतं. पैसे द्यायला मी तयार आहे. वस्तू तर दाखवा!